मुळशीचे खोरे आणि मधला भात

पुण्याहून पौडाच्या वाटेने मुळशीस जाणारी मंडळी बहुधा आषाढ-श्रावणात जातात. धबधबे, धुके, ताम्हिणीचा घाट आणि रस्त्याकडेला शेगडीवर भाजलेली मक्याची कणसे एवढे अनुभवून ती संध्याकाळी परततात आणि मुळशी पाहिली असे समाधान मानतात. पाऊस पाहावयास कोणाची हरकत असावयाची नाही. परंतु त्या पावसाचे पुढे काय होते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने कार्तिकात जावे. तेव्हा डोंगर अद्याप हिरवे असतात, ओढ्यांना पाणी असते, आणि दोन्ही बाजूंच्या खाचरांतून पिकलेल्या भाताचा असा एक मंद, कोरडा, गोडसर वास येत असतो, की मोटारीच्या काचा वर करून बसणाऱ्यांची कीव यावी.

आम्ही गेल्या कार्तिकात गेलो ते खरे म्हणजे तांदळासाठी. घरात माघात धाकट्या पुतण्याची मुंज व्हावयाची होती. पाने फार नव्हती, घरची आणि जवळच्या आप्तांची मिळून पन्नासएक. म्हणून स्वयंपाक बाहेर न देता घरीच करावयाचा असे सासूबाईंनी ठरविले होते. बाकी सारे पदार्थ एका बैठकीत ठरले. अडले ते मधल्या भातापाशी. पंगतीत पहिला येतो तो वरणभात, शेवटचा दहीभात किंवा ताकभात, आणि जिलबीच्या आगेमागे येतो तो मधला भात, म्हणजे आपला मसालेभात. तो आंबेमोहराचा असावा असे सासूबाईंचे म्हणणे. तर आंबेमोहराचा मसालेभात म्हणजे लगदा, हल्ली सर्वत्र बासमतीच वापरतात, असे धाकट्या जाऊबाईंचे. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि एकत्र कुटुंबात अशा वेळी मधल्या सुनेने प्रवासास निघून जाणे हेच शहाणपणाचे असते! भावोजींनी मोटार काढली आणि तांदूळ जेथे होतो तेथेच जाऊन चौकशी करावी असे ठरले.

चांदणी चौक मागे टाकला की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे येतात. ‘गावे’ हा शब्द आता सवयीने वापरावयाचा. जेथे पूर्वी खाचरे होती तेथे कारखाने, मंगल कार्यालये आणि बंगल्यांच्या वसाहती उभ्या आहेत. ‘निसर्गाच्या कुशीत’ राहावयास बोलावणाऱ्या पाट्या इतक्या दाटीने लावल्या आहेत की निसर्ग त्यांच्याआड शोधावा लागतो. पिरंगुटचा घाट उतरल्यावर मात्र डोळा जरा मोकळा होतो. पौड हे तालुक्याचे ठाणे. तेथून पुढे मुळा नदी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे सोबत करते आणि खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी डोंगराला टेकू लागतात.

भाताचे खाचर म्हणजे नुसते शेत नव्हे. उतारावरची माती पावसाने वाहून जाऊ नये म्हणून दगडमातीचे बांध घालून, पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर सावकाश उतरेल अशा बेताने पिढ्यान् पिढ्या खपून तयार केलेली ती जमीन असते. तिच्यात पीक घ्यावयाचे म्हणजे वैशाखापासून सुरुवात. प्रथम राब भाजावयाचा: रोपे जेथे वाढवावयाची त्या तुकड्यावर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेणकूट पसरून ते जाळतात. तणाचे बी आणि किडे त्या आचेने मरतात, आणि राख खताच्या उपयोगी पडते. मृगाच्या पावसावर त्यात भात पेरून तरवा तयार करावयाचा. आषाढात पाणी तुंबले की चिखलणी. पूर्वी ती बैलांनी होई, आता बहुतेक ठिकाणी यंत्राने होते. मग आवणी. गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन, दिवसभर वाकून मागे मागे सरकत एकेक चूड रोवावयाचा. ज्यांनी ही आवणी एकदा तरी डोळ्यांनी पाहिली आहे त्यांच्या हातून ताटात भात टाकला जाणे कठीण, असे माझे मत आहे.

आंबेमोहराची खाचरे मात्र आता शोधावी लागतात. दिसते ती बहुतेक इंद्रायणी. ही इंद्रायणी म्हणजे आंबेमोहराचीच लेक. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली ती बाहेर पडली. एका बाजूस आंबेमोहर १५७, आणि दुसऱ्या बाजूस फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९६६ मध्ये जगास दिलेला ठेंगणा आयआर-८, अशा दोहोंच्या संकरातून तिचा जन्म झाला. आईचा थोडा सुवास आणि बापाचा ठेंगणेपणा व भरघोसपणा तिने घेतला. शेतकऱ्यास आणखी काय हवे? आंबेमोहराचे ताट उंच वाढते. दाणा भरत आला असता परतीचा पाऊस आणि वारा आला की ते आडवे होते. इकडे त्यास ‘भात लोळले’ असे म्हणतात. लोळलेल्या भाताचा दाणा चिखलात काळवंडतो आणि कापणीही कष्टाची होते. शिवाय पीक मुळातच उणे आणि उशिरा येणारे. सुगंधाचा हा सारा खर्च आजवर शेतकऱ्याने सोसला.

धरणाच्या अलीकडे एका वाडीत, रस्त्यापासून दोन खाचरे आत, खळ्यावर झोडणी चालली होती. तेथे एक वृद्ध बाई सुपाने भात वारवत होत्या. आम्ही आंबेमोहराचे विचारले तेव्हा त्यांनी हातातील सूप खाली ठेवले आणि आमच्याकडे जरा संशयाने पाहिले.

“किती पायजे?”

“आजी, मुंज आहे घरी. आठ-दहा किलो मिळाला तर बरे होईल,” मी म्हणाले.

“मग ह्यो नगा नेऊ. नवा हाय. मुंजीला माघात चिकाट व्हईल. गेल्या सालचा हाय घरात, त्यो न्या. एकच खाचार लावतो आम्ही आंबेमोहराचं, घरापुरतं. बाकी समदी इंद्रायनी.”

आजींनी आम्हांस पडवीत बसविले, चहा दिला आणि कणगीतला गेल्या सालचा भात काढून दाखविला. तांदूळ करून ठेवला तर त्यास कीड लागते आणि वासही लवकर जातो. म्हणून भात तुसासकट कडुनिंबाच्या पाल्यात ठेवावयाचा आणि लागेल तसा गिरणीतून आणावयाचा, ही त्यांची रीत. दाणा आखूड, जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा, पोटाशी किंचित पांढुरका. हातावर घासून हुंगला तर वास अगदी पुसट. नवा दाणा तसाच हुंगला तर आंब्याच्या मोहराची आठवण स्पष्ट होते. ह्या फरकाचे कारण आता शास्त्रज्ञांस ठाऊक आहे. सुवासिक तांदळाच्या वासाचे मुख्य द्रव्य १९८२ साली ओळखले गेले. टू-अ‍ॅसिटिल-वन-पायरोलीन असे त्याचे अवघड नाव असून ते बासमतीतही आहे आणि आंबेमोहरातही. ते द्रव्य उडून जाणारे आहे. साठवणीत ते हळूहळू कमी होते. मात्र त्याच साठवणीत दाणा कडक होतो, शिजताना अधिक पाणी पितो, अधिक फुलतो आणि एकमेकांस चिकटत नाही. म्हणजे वास हवा तर चिकटपणा पत्करा, आणि मोकळा भात हवा तर वासाचा काही भाग सोडा, असा हा निसर्गाचाच व्यवहार आहे. सासूबाई आणि जाऊबाई यांच्यातील वादाचे मूळ मला त्या पडवीत सापडले. एकीच्या मनात होता नवा आंबेमोहर खाल्ल्याचा सुगंध, आणि दुसरीच्या मनात त्याच नव्या आंबेमोहराचा झालेला लगदा. जुन्याचा विचार दोघींपैकी कोणीच केला नव्हता.

निघताना भावोजींनी आजींस त्यांचे गाव विचारले. त्यांनी हाताने पश्चिमेस दाखविले. “ही वाडी मागनं बसली. आमचं मूळ गाव त्या तितं, पान्याखाली. माज्या आजेसासऱ्याच्या वक्ताला गेलं.” ह्यापेक्षा अधिक त्या बोलल्या नाहीत आणि सूप उचलून कामास लागल्या.

तेथून धरण फार दूर नाही. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ बांध घालून अडविलेले ते विस्तीर्ण पाणी कार्तिकातील उन्हात फारच रम्य दिसते. काठावर लोक छायाचित्रे घेत होते. हे पाणी जेथे उभे आहे तेथे शंभर वर्षांपूर्वी खोऱ्यातील उत्तमांतील उत्तम भाताची खाचरे होती. डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी पिकते. भातास तळची, गाळाची, पाणी धरून ठेवणारी जमीन लागते, आणि धरणात प्रथम बुडते ती तीच. टाटांच्या वीज कंपनीने मुंबईस वीज पुरविण्यासाठी हे धरण योजिले आणि सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये जमीन घेऊन दिली. सुमारे पन्नास गावांवर हे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी धरणाच्या जागी बसून काम थांबविले. मुळशीचा सत्याग्रह म्हणून पुढे प्रसिद्ध झाला तो हा. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ ही पदवी ह्याच लढ्यात मिळाली; विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीस होते. १९२४ पर्यंत हा झगडा चालला. शेवटी बापटांस दीर्घ कारावास झाला आणि धरण पुरे झाले. मुळेचे जे पाणी पूर्वेस पुण्यावरून वाहत जाऊन पुढे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरास मिळावयाचे, ते बोगद्यांतून पश्चिमेस वळवून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे चक्रांवर सोडण्यात आले. १९२७ पासून तेथे वीज होऊ लागली.

इतका इतिहास शाळेच्या पुस्तकांतून थोडाफार येतो. जो येत नाही तो असा. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन त्या वेळेपावेतो कसणाऱ्या मावळ्यांच्या नावावर राहिलेलीच नव्हती. ती कर्जापायी पुण्यातील सावकारांकडे व जमीनदारांकडे गेली होती, आणि ह्या मंडळींत आपल्या ब्राह्मण घराण्यांचा भरणा मोठा होता. कुळांनी भात पिकवावयाचे आणि खंडाचा तांदूळ पुण्याच्या वाड्यांत पोहोचता करावयाचा. ज्यास आपण ‘पूर्वी घरचा आंबेमोहर येत असे’ असे कौतुकाने म्हणतो तो पुष्कळदा ह्या वाटेने येत असे. सत्याग्रह रंगात आला तेव्हा ह्या दोन पक्षांचे हित एक नव्हते हे उघड झाले. मालकांस योग्य नुकसानभरपाई मिळाली तर जमीन देण्यास त्यांची तयारी होती. कुळास पैसा कोण देणार? त्यास जमीनच हवी होती. मालकांनी मोबदला घेतला, आणि मावळे डोंगर चढून वर सरकले किंवा देशोधडीस लागले. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी ह्या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना ही फूट स्पष्टपणे मांडली आहे. ज्यांच्या माळ्यावर पणजोबांच्या खतावण्या अजून पडून असतील त्यांनी धूळ झटकून त्यांत ‘मुळशी पेटा’ हे शब्द सापडतात का, हे एकदा पाहावे. आमच्या माळ्यावर खतावण्या नाहीत. वाळवीने त्या पानशेतच्या पुराच्याही आधी खाल्ल्या असे सासूबाई सांगतात.

पुण्यास परतल्यावर सासूबाईंस मी हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “त्या बाईंना पैसे किती दिलेस?” आकडा सांगितला. बाजारात आंबेमोहराची चिठ्ठी लावून मिळणाऱ्या तांदळापेक्षा तो बराच अधिक होता. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “पुढच्या वर्षीचा आत्ताच सांगून ठेव. तिने तेही खाचर बदलले तर मग कोणाकडे जाशील?” बाजारातील त्या चिठ्ठीवर फारसा विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नाही हे खरेच आहे. मध्यप्रदेश, आंध्र इकडून येणारे आखूड दाण्याचे दुसरे सुवासिक तांदूळही ह्याच नावाने खपतात. आंबेमोहरास आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु पोत्यावरचे नाव वाचून तांदूळ ओळखू लागलो तर फसवणूक व्हावयाचीच. दाणा दाताखाली धरावा, हातावर घासून हुंगावा, आणि मूठभर शिजवून पाहावा.

आता भाताकडे वळते. मुंजीपूर्वी दोन वेळा थोडा थोडा करून पाहिला आणि मग जे प्रमाण बसले ते घरच्या बेताने, दोन वाट्या तांदळाचे, येथे देते. तांदूळ एक वर्ष जुना आहे असे धरले आहे.

तांदूळ धुवावा, पण चोळू नये. आंबेमोहराचा दाणा नाजूक असतो आणि चोळल्याने त्याची टोके मोडून कणी होते. ही कणीच पुढे लगद्यास कारण होते. दोन पाण्यांतून काढून रोळीत किंवा चाळणीत अर्धा तास निथळत ठेवावा. बासमतीप्रमाणे भिजत घालू नये. तोवर तोंडली उभी चिरून घ्यावीत, एका तोंडल्याचे चार भाग, आणि तीही कोवळी; आत लाल झालेले तोंडले भातास आंबूस करते. वांगी घालावयाची तर काटेरी, लहान, आणि तांदूळ परतून झाल्यावर, नाही तर ती विरघळतात. मटार हिवाळ्यात घालावेत. बारा महिने पिशवीतील गोठलेले मटार घालण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पसंत नाही. फुलकोबी आणि बटाटा ह्यांविषयी तर मी बोलूच नये. त्यांनी तो पुलाव होतो, मसालेभात होत नाही.

मसाल्यात सासूबाईंची एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र, शहाजिरे, दगडफूल, नागकेशर हे गोड्या मसाल्याचे जिन्नस घरोघरी थोड्या फरकाने सारखेच. आंबेमोहरासाठी मसाला करताना त्या दगडफूल नेहमीच्या निम्मे घेतात आणि नागकेशर चिमूटभरच. दगडफूल म्हणजे झाडांवर व खडकांवर एकत्र वाढणारी बुरशी आणि शैवाल यांची जोडी. तेलात तळली की तिला मातकट, धुरकट असा जो वास येतो तोच गोड्या मसाल्याचा प्राण. पण तो वास दांडगा आहे. जुन्या आंबेमोहरात जो काही सुवास उरलेला असतो तो ह्या दांडगेश्वरापुढे टिकत नाही. बासमतीला मसाला थोडा अधिक झाला तरी चालतो, कारण तेथे लोक दाण्याची लांबी पाहतात. येथे दाणा दिसावयास सामान्य आहे, त्याची जी काही प्रतिष्ठा ती वासाची आणि मऊपणाची. दगडफूल निवडताना त्यातले खडे आणि सालपटे मात्र डोळ्यांत तेल घालून काढावीत.

जाड बुडाच्या पातेल्यात, कल्हई केलेले पितळी असल्यास उत्तम, दोन पळ्या तेल आणि एक पळी तूप तापवावे. दोनतीन लवंगा, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र, मग मोहरी, हिंग, आणि हळद अगदी बेताची. मसालेभाताचा रंग बदामी असावा, पिवळा नव्हे. पिवळा झाला की तो खिचडीचा भाऊ दिसतो. त्यावर तोंडली टाकून झाकण न ठेवता परतावी. तोंडल्यांच्या कडा जरा तांबूस झाल्या की निथळलेला तांदूळ घालावा.

येथून पुढे घाई करू नये. सारा भात ह्या परतण्यावर अवलंबून आहे. मंद आचेवर सात-आठ मिनिटे, उलथण्याने तळापासून वर, तांदूळ सतत हलवीत राहावा. प्रथम तो चिकटतो, मग ओला दिसेनासा होतो, मग दाणा अपारदर्शक पांढरा होतो आणि उलथण्यावर वाजू लागतो. हा आवाज कानाने ओळखावयाचा असतो. वाळूत उलथणे फिरवावे तसा तो येतो. दाण्याच्या बाहेरच्या पिठूळपणावर आता तेलातुपाचा पापुद्रा बसलेला असतो आणि तो पापुद्रा दाण्यास दाण्यापासून दूर ठेवतो. आंबेमोहराचा लगदा होतो असे म्हणणारे बहुतेक जण येथे तीन मिनिटांत उरकून पुढे गेलेले असतात, असे मी आता खात्रीने सांगू शकते. जाऊबाईंनी दुसऱ्या खेपेस स्वतः उलथणे हातात घेतले आणि आवाज ऐकल्यावर बासमतीचे नाव पुन्हा काढले नाही.

पाणी आधणाचे, कढत, शेजारच्या शेगडीवर तयार ठेवावे. जुन्या तांदळास दोन वाट्यांना चार वाट्या. सहा-आठ महिन्यांचा असेल तर साडेतीन. आणि नवा असेल तर तीन वाट्या, पण नव्याचा मसालेभात करूच नये. नवा आंबेमोहर साधा, आसट शिजवावा, वर मेतकूट, लोणकढे तूप आणि मीठ घालून गरम गरम खावा. ज्याचा वास इतका थोर आहे त्यावर मसाला टाकणे म्हणजे मोगऱ्याच्या गजऱ्यावर अत्तर शिंपडण्यासारखे होय. पाणी घातल्यावर मीठ, दोन चमचे मसाला, सुपारीएवढा गूळ घालून एकदाच ढवळावे. नंतर उलथणे पातेल्यात घालू नये. पाणी तांदळाच्या बरोबरीस येऊन वर भोके दिसू लागली की झाकण ठेवून पातेल्याखाली तवा सरकवावा आणि आच अगदी मंद करावी. पूर्वी झाकणावर निखारे ठेवीत. ज्यांच्याकडे शेगडी असेल त्यांनी अजूनही ठेवावेत, वरचा भात त्याने सुरेख कोरडा होतो. पंधरा मिनिटांनी आच बंद करून आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नये. दाबाच्या भांड्यात हा भात करता येतो, नाही असे नाही. पण त्यात पाणी अर्धी वाटी कमी घ्यावे आणि जे होईल त्याबद्दल तक्रार करू नये.

मोठ्या पंगतीसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. आंबेमोहर एका मोठ्या पातेल्यात रचून शिजवू नये. वरच्या भाताच्या भाराने खालचा चेपतो, आणि आचाऱ्यांचा ह्या तांदळावर जो राग आहे त्याचे खरे कारण हेच असावे. मंगल कार्यालयात चारशे पानांचा भात एकदम उतरवावयाचा म्हणजे लांब, कडक दाणाच हवा. त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही मुंजीच्या दिवशी दीड-दीड किलोचा घाणा तीन पातेल्यांत केला. एकावर मी, एकावर जाऊबाई आणि एकावर सासूबाई खुर्ची घेऊन बसल्या होत्या. शिजलेला भात लगेच परातीत उपसून पसरला, आणि त्यावर ओले खोबरे, कोथिंबीर व लिंबाचा रस घातला. काजू आधीच तुपात तळून वर पेरले. दाणा मोकळा होता. बोटाने दाबला की मऊ. त्या मऊपणाला बासमती येऊ शकत नाही, आणि वाढत्या वयाच्या मंडळींस दातांचा विचार करावा लागतो हेही यजमानाने विसरू नये.

मसालेभाताबरोबर तुपाची धार हवी, मठ्ठा हवा आणि काकडीची कोशिंबीर हवी. पापड असल्यास चांगलेच. आजींसाठी डब्यात भात भरून द्यावा असे भावोजींच्या मनात होते. परंतु मुळशीपर्यंत तो निवून जाईल म्हणून सासूबाईंनी बुंदीचे लाडू दिले, आणि पुढच्या सालच्या दहा किलोंची आगाऊ रक्कम एका पाकिटात घालून दिली. पाकीट घेताना आजींनी ते उघडून मोजले, हे मला फार आवडले.

शेवटी पातेल्याच्या तळाशी जी तांबूस, कुरकुरीत खरपुडी राहते ती मुलांमध्ये वाटावयाची असते. ती आधी कोणी खाऊन टाकू नये म्हणून पातेले झाकून उंच फळीवर ठेवावे. आमच्याकडे ती बटूसाठी राखून ठेवली होती, आणि भिक्षावळ आटोपण्यापूर्वीच संपली.